जाड तळाची चप्पल

खांद्याच्या व्यायामासाठी मी जाते, तिथे काल एक मुलगी दांड्या धरून उभी होती. जन्मापासून आखूड असलेला तिचा डावा पाय ऑपरेशनने उजव्याएवढा झाला होता. हाड वाढलं, भरलंही. मांडीत मात्र अजून जोर नव्हता. हाड मोजून वाढवता येतं, पण स्नायूची समजूत कोण काढणार? त्याच्या अंगात जुनंच माप मुरलेलं.

तिचे वडील चपला शिवतात. नवा जोड त्यांनी स्वतः करून आणला होता. तिने पाय घातले आणि ती एका अंगाला कलली. इतक्या वर्षांच्या सवयीने डावा तळ जाडच शिवला गेला होता.

"अप्पा, पाय सारखे झाले की आता!"

त्यांनी चप्पल उलटी करून तळावरून अंगठा फिरवला. "हात ऐकत नाही गं," ते पुटपुटले.

"माझा पाय तरी कुठे ऐकतोय?"

ती अनवाणीच उभी राहिली. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता दांड्या सोड." तिने सोडल्या. गुडघा लटपटू लागला. मी माझा खांदा विसरले. अप्पांचे हात झटकन पुढे झाले. मग त्यांनीच ते मागे नेले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले.