पालीमार्गे लुंबिनी

रतन,

हे पत्र तुला आहे, पण वाचणार दुसरेही. त्यामुळे तुला ठाऊक असलेल्या गोष्टी तुलाच सांगत बसावं लागणार. मध्ये बोलू नकोस. शेवटी एक कबुली आहे, तिथं आधी उडी मारू नकोस.

तर वाचणाऱ्यांसाठी: तू भोरच्या सरकारी दवाखान्यातली नर्स. नवरा जगन, भोर डेपोत कंडक्टर. मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. तुमच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती आणि तीही पातळ. तुमचा संसार मी निम्मा ऐकलेला आहे. त्यासाठी कान लावावा लागत नसे, जगनचा आवाज स्वारगेटपर्यंत जायचा.

लुंबिनीचं खूळ तुझं. बुद्धाचा जन्म झाला ती जागा. तुझ्या आईनं, धोंडाबाईंनी, दीक्षा घेतल्यापासून तुमच्या घरात ते नाव होतंच. पण मला तू सांगितलेलं कारण तुझ्या कामातलं होतं.

"बाई, मायादेवी म्हणं झाडाची फांदी धरून उभ्यानं बाळंत झाल्या. म्या इतकी पोरं सोडवली, उभ्यानं एकबी न्हाई. फांदी किती उंच आसंल हो? लई उंच आसली तर हात भरून येत्यात, खाली आसली तर जोर लागत न्हाई. मला ती जागा बगायचीय."

इतिहास शिकवून माझे केस पिकले, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

लुंबिनी नेपाळात. पासपोर्ट लागत नाही, गोरखपूरकडून रेल्वेनं आणि बसनं जाता येतं, तरी परदेश तो परदेशच. जगनला लुंबिनीपेक्षा हे 'फारिन' जास्त भावलं. भोर-स्वारगेट, स्वारगेट-भोर यात हयात चाललेला माणूस. पतपेढीतून कर्ज मंजूर व्हायच्या आत त्यानं डेपोभर सांगून टाकलं. पंचाहत्तरचा मे महिना. डेपोनं निरोप समारंभ केला. कोंडिबा कंट्रोलरांनी हार घातला, नारळ दिला, भाषण ठोकलं, तुझ्या हातावर दही घातलं. मग निघाल्या याद्या. एकाला बॅटरी, एकाला घडीची छत्री, कोंडिबांच्या बायकोला न चुरगळणारी साडी.

समारंभ मंगळवारी झाला. गुरुवारी पतपेढीची नोटीस आली. व्याज नवावरून बारा टक्के, जुन्या कर्जालाही लागू. कौलांसाठी काढलेलं कर्ज तुमच्या डोक्यावर होतंच. त्या संध्याकाळी भिंतीनं मला सगळं सांगितलं.

"तीन टक्क्यानं काय आभाळ कोसळतंय?"

"आभाळ ऱ्हाऊ द्या, कौलांचा हप्ता वाढलाय. वर ह्ये नवं कर्ज बारानं. पंधरा दिस हिंडायचं आन् चार वर्सं फेडायचं. कुनी सांगितलंय?"

"अगं, पण हार घातलाय त्यांनी!"

"परत करा मंग."

"वाळला की तो!"

"नारळ?"

"खाल्ला न्हाई व्हय आपण काल!"

मी जेवायची थांबले होते. निकाल असा लागला की सुट्टी मंजूर आहे ती घ्यायची, पण देशातच. देश म्हणजे राजगडाखालचं पाली, तुझी मावशी साळूबाई हिचं घर. पंधरा दिवस गप्प राहायचं आणि नेपाळहून आल्यासारखं परतायचं. तू बजावलंस, "खोटं म्या बोलणार न्हाई. कुनी इचारलं तर सांगनार."

"इचारायला तितं कोन येतंय?" जगन म्हणाला.

मी आले. भिंतीचं ऐकलेलं माणूस विसरत नाही, आणि कॉलेजच्या दोन मैत्रिणींना गड दाखवायचाच होता. मैत्रिणी गड चढल्या. मी साळूबाईच्या अंगणात पाणी मागितलं. तू हिरडा वाळत घालत होतीस.

"जगन कुठाय?"

तू हनुवटीनं गोठ्याकडं दाखवलंस. खालच्या थांब्यावर एसटी आली की ड्रायव्हर साळूबाईकडं पाणी प्यायला वर यायचा. हॉर्न वाजला की जगन गोठ्याच्या माळ्यावर, गवतात.

त्या दिवशी हॉर्न वाजला आणि नेमकी तेव्हाच साळूबाईची सून अक्काबाई कळा देऊ लागली. घरात पत्रा तापलेला, म्हणून तिला गार गोठ्यात नेली. माळ्यावरून उतरायची शिडी गोठ्यातच, त्यामुळं तुझा नवरा वर अडकला. तुला ते माहीत होतं.

अक्काबाई आडवी व्हायला तयार नव्हती. "वन्सं, निजले की पाठ मोडतीय हो!" तिनं माळ्याची तुळई दोन्ही हातांनी धरली आणि उभी राहिली. तू आधी तिला ओरडलीस. मग तुझे डोळे तिच्या हातांवर खिळले. प्रत्येक कळेला ती तुळईला लटकायची, आणि आख्खा माळा जगनसकट हलायचा. मी गरम पाणी आणलं तर तू मला म्हणालीस, "बाई, मदी मदी करू नका." आयुष्यात मला असं कुणी बोललं नव्हतं.

मुलगी झाली. रडली. आणि वरून कुणीतरी शिंकलं. एकदा, दोनदा, तीनदा.

जगन वर आहे हे धांदलीत विसरलेली साळूबाई किंचाळली, "आगं बया, वर कोन?"

"कंडक्टर हायेत," तू नाळ बांधता बांधता म्हणालीस. "फारिनला गेल्यात."

मग तू पिशवीतून टेप काढलीस, गरोदर बाईच्या पोटाचा घेर मोजायची, आणि मापलीस तुळई. साठ इंचांवर टेप संपली, वर चार बोटं. दोनदा मापलीस. तेवढी खूश मी तुला पगाराच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

पाणी प्यायला आलेला ड्रायव्हर गाडी खोळंबवून अंगणातच उभा होता. त्यामुळं बातमी त्याच गाडीनं भोरला गेली.

हे जगनला कळलं नाही. पंधराव्या दिवशी तुम्ही डेपोत उतरलात तर कोंडिबा हार घेऊन हजर, चेहरा गंभीर. "काय जगनराव, नेपाळ कसं काय?"

"काय सांगू साहेब! बरफ! डोळं दिपत्यात."

"आन् गवत?"

"गवत?"

"आमी ऐकलं, तिकडं माळ्यावर गवत लई चांगलं मिळतंय. जरा शिंका येत्यात, एवढंच."

डेपोत हशा फुटला. जगननं तोंड लपवायला तिकिटांची पेटी शोधली. तू पुढं झालीस. "आमी पालीला गेलतो. व्याज वाढलं म्हणून. तुमच्या याद्या माज्यापाशी हायेत, आनायला काय जमलं न्हाई. ही करवंदं घ्या." आणि ज्याला छत्री हवी होती त्याला ओंजळभर, बॅटरीवाल्याला ओंजळभर. साडीवाल्या बाईंनी दोन ओंजळी घेतल्या. तेव्हापासून डेपोत कुणी रजा टाकून घरी बसला की 'नेपाळला गेलाय' म्हणतात. जगनला त्याचा पुढं अभिमान वाटायला लागला, हे पुरुषांचं नेहमीचंच.

आता कबुली.

अठ्ठ्याहत्तरला मी निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून नेपाळची सहल ठरवली. तू टेप घेऊन आलीस. "बाई, तितं जुनं झाड आसंल न्हाईतर त्याच्या जागी दुसरं. खालची फांदी तेवढी मापून आना." मी म्हटलं, आणते. तू माझ्या हातावर दहीही घातलंस.

परत आल्यावर मी तुला सांगितलं की तिथं तसं झाड उरलेलं नाही. तू "व्हय का" म्हणालीस आणि भाकरी थापत राहिलीस.

रतन, मी लुंबिनीला गेलेच नाही. गाडी गेली त्या दिवशी गुडघा दुखत होता, पण जाता आलं असतं. मला कंटाळा आला आणि मी हॉटेलात झोपले. झाड आहे की नाही, मला काय ठाऊक! फांदीचं तर विचारूच नकोस. टेप तू परत मागितली नाहीस आणि मी दिली नाही. माझ्या कपाटात आहे, तू गुंडाळून दिलीस तशीच.