आईच्या नावाची पट्टी

साकोलीत मी केबलचा धंदा करतो. करतो म्हणायचं, एवढंच. तारा अजून खांबांवर आहेत, माणसं मोबाईलवर गेली. महिन्याची वर्गणी ॲपवर भरायची आणि हवं ते हवं तेव्हा बघायचं, अशी सोय झाल्यावर माझ्या तारेला कोण विचारतो? काही घरांनी मात्र मला तार काढू दिली नाही. तिच्यावर त्यांचे कपडे वाळतात.

एक काम तेवढं माझ्याकडे होतं. आमच्या लोकल चॅनलवर पडद्याच्या तळाशी अक्षरांची पट्टी सरकायची. कुणाची गाय हरवली, धानाला तलावाचं पाणी कधी सुटणार, कुणाकडे लग्न आहे, आणि मुख्य म्हणजे कोण गेलं, माती किती वाजता. मयताच्या पट्टीचे मी कधी पैसे घेतले नाहीत. ती लागली की गाव गोळा व्हायचं, घरोघर सांगत फिरावं लागत नसे.

आई ती पट्टी रोज वाचायची, डोळे बारीक करून, मोठ्यानं. वर मला टोमणा मारायची, "मी गेली का माही पट्टी जरा हळू सरकवजो बापू. म्हाताऱ्यायले वाचता आलं पाहिजे."

या हिवाळ्यात ती दवाखान्यातच गेली. नातेवाइकांना फोन केले आणि गावासाठी पट्टी लावली, तिनं सांगितली होती तशी, हळू सरकणारी. मग अंगणात वाट बघत बसलो. अख्ख्या मोहल्ल्याच्या बाळंतपणांना ती धावून गेली होती, अंगण पुरणार नाही असंच मला वाटत होतं. भाड्यानं आणलेल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. नातेवाईक आणि शेजारची दोन-चार घरं, एवढ्यांनीच तिला मोक्षधामाला नेलं. मला रडूही धड आलं नाही, इतकी लाज वाटत होती आणि इतका मी थकलो होतो.

दुसऱ्या दिवशी रस्त्यात ओळखीच्या किराणा दुकानदारानं माझा हात धरला.

"काहून नाही सांगितलं भाऊ? मी परका हाव का?"

"पट्टी लावली होती ना."

"केबल कुठं हाय आता घरी? पोट्टे मोबाईलवरच पाहून राहिले. स्टेटस तरी ठेवाचं होतं."

त्याचे डोळे खरंच भरून आले होते. राग काढायचा तरी कुणावर?

पट्टी उतरवण्याआधी एकदा नीट बघून घ्यावी म्हणून घरी येऊन टीव्ही लावला. पडद्यावर मुलीची ॲपवरची मालिका आली, अर्धवट राहिलेली. केबलचा बॉक्स बंद होता आणि त्याच्या सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर. बायकोला विचारलं, हा कधी बंद केला?

"आईले दवाखान्यात नेलं तवाच," ती म्हणाली. "चालू ठेवून काय करता जी? त्याच तर पाहत होत्या."