दोन नंबरचा खुलासा

आमच्या साडूंना सगळे खुलासेदार म्हणत. रंगाच्या खाजगी कारखान्यात मी गेटावर हजेरीची कार्डं सांभाळी, ते वर जनसंपर्काच्या खोलीत. हे खातं तेव्हा नवंच. थोरल्या मालकांचं धोरण झाकली मूठ. पण संपात पेपरांनी त्यांची पार लक्तरं वेशीवर टांगली, तेव्हा त्यांच्या मुलानं, म्हणजे आमच्या साहेबांनी, एक टेबल, एक फोन आणि आमचे साडू अशी खोली थाटली.

आता पठ्ठ्याची रीत ऐका. आग, वायुगळती, संप, सगळ्यांचे खुलासे आधीच टाइप करून ठेवलेले. फक्त तारीख घालायची. मी म्हणे, "भाऊ, लोक आग लागल्यावर विहीर खणतात, तुम्ही तर आधीच राख झाडून ठेवता."

एका दुपारी तिसऱ्या शेडमध्ये वायू सुटला. भोंगा झाला. साहेब म्हणाले, "दोन नंबरचा सोडा." साडूंनी फोनवरून पेपरांना वाचून दाखवला: कोणालाही इजा नाही, परिस्थिती आटोक्यात. तेवढ्यात भोंगा ऐकून अग्निशामक दलानं फोन करून विचारलं, बंब पाठवू का? सवयीनं त्यांनाही तोच वाचला.

इकडे गेटावर मी बाहेर पडलेल्यांची कार्डं लावून पाहिली. तीन माणसं बाहेर आलीच नव्हती. त्यात आमचा मेहुणा, आम्हा दोघांच्या बायकांचा धाकटा भाऊ. धावत जिना चढलो.

"बंब कुठंय?"

"कशाला? आटोक्यात आहे."

"कुणी सांगितलं?"

साडूंनी कागदाकडे पाहिलं. तो त्यांनीच दोन महिन्यांपूर्वी लिहिला होता.

"धाकटा आत आहे, भाऊ."

त्यांनी अग्निशामक दलाचा नंबर फिरवला. दारातून साहेब म्हणाले, "ठेवा तो. एकदा नाही म्हटलं की नाही." तरी साडू फोनवर बोलले, "मघाशी मी खोटं वाचलं. तीन माणसं आत आहेत. या."

बंब यायला सतरा मिनिटं लागली. खिडकीबाहेर पिवळा धूर चढत होता आणि आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. दोघं खोकत, चालत आले. धाकट्याला उचलून आणलं, श्वास तेवढा चालू.

संध्याकाळी कंपनीच्याच दवाखान्यात साहेब खाटेपाशी आले. हातात नवा खुलासा: कंपनीनं तत्काळ बंब बोलावला.

"देखभाल नीट होतेय ना इथं?" त्यांनी प्राणवायूच्या नळीकडे बघत विचारलं.

साडूंनी मेहुण्याची छाती वर जाताना पाहिली, खाली येताना पाहिली. मग खाटेच्या कडेवर कागद टेकवून सही केली.