एका दमातली ओळ

हरणाबाईची देवावरची खप्पामर्जी तशी जुनी. धर्मांतराच्या साली वस्तीनं घरातले देव पाटीत भरून कृष्णेच्या डोहात सोडले, तेव्हा तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तिला वाईट वाटलं ते भजनाचं. नवरा जिवंत होता तेव्हा दर गुरुवारी त्यांच्या ओट्यावर भजन बसायचं आणि ही चुलीपुढं भाकरी थापता थापता आतूनच मागचा सूर धरायची. देवांबरोबर तेही बंद झालं. "देव न्या म्हनलं, पर गानं कशाला न्हेलं?" असं ती पुढं कितीतरी वर्षं ज्याला त्याला ऐकवत राहिली. वस्तीतली कर्ती माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करत. हरणाबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

तिचा एकुलता एक मुलगा आकाराम पलटणीत होता. त्रेसष्ट साली उन्हाळ्यात तो दोन महिन्यांच्या रजेवर कऱ्हाडजवळच्या आपल्या गावी आला, तो सोबतच्या जवानांकडून सगळी बुद्धवंदना पाठ करूनच. दिवेलागणीला तो चावडीच्या पायरीवर बसायचा आणि समोर अकरा बायका. तो एक ओळ सांगायचा, बायका मागून म्हणायच्या. एकीलाही अक्षर येत नव्हतं आणि ती पाली भाषा तर गावात कुणाच्याच सात पिढ्यांत कुणी बोललं नव्हतं.

"आये, मोट्यानं म्हन की. भजनात कशी म्हनायचीस!"

"आरं, अर्थ कळंना, मोट्यानं काय म्हनू?"

"सूर तर कळतुया न्हवं? मग झालं!"

पाचव्या-सहाव्या दिवशी अकरा जणींचा सूर एक झाला आणि हरणाबाईच्या अंगावर काटा आला. जन्मभर खाली मान घालून चाललेल्या बायका, पण आवाज असा सरळ, मोकळा! घरी येऊन तिनं भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला पहिल्यांदा मनापासून हात जोडले. गाणं परत मिळालं होतं, आणि ते ज्यानं दिलं त्याच्यावर विश्वास टाकायला तिची आता हरकत नव्हती.

त्या वंदनेत एक लांबलचक ओळ होती. तिच्या मध्यावर आकाराम थांबायचा, बायकाही थांबायच्या, आणि मग उरलेली अर्धी उचलायच्या. तो रजा संपवून गेला, तरी त्या तशाच म्हणत राहिल्या.

पासष्टच्या सप्टेंबरात तार आली. आकाराम लढाईत गेला. मागून त्याची काळी ट्रंक आली, देह आला नाही. बायकांना वाटलं, हरणाबाई आता चावडीची पायरी चढत नाही. पण नवव्या दिवशी ती येऊन आपल्या जागेवर बसली. ती का येते, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. त्या लांब ओळीच्या मध्यावर सगळ्या थांबल्या की तेवढ्या क्षणात तिला पोरगा समोर पायरीवर बसलेला वाटे. दिवसभरात तेवढंच तिच्या वाट्याला येई आणि तेवढ्यावर ती दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तग धरी.

सदुसष्ट साली वैशाखी पौर्णिमेला सांगलीत मोठा मेळावा ठरला. हजार माणसं मैदानावर एका सुरात वंदना म्हणणार होती. तयारी बघायला कऱ्हाडहून नाथाजी गुरुजी आले. माणूस सरळ आणि शिकलेला. ती ओळ आली, बायका थांबल्या, आणि गुरुजींनी हात वर केला.

"इथं थांबायचं नाही, बायांनो. ओळ एका दमात म्हणायची. सांगलीत तुम्ही थांबलात तर सगळाच गोंधळ होईल. कुणी शिकवलं असं?"

"माज्या ल्येकानं!" हरणाबाई ताडकन उठली. "त्यो चुकायचा न्हाई. तुमी म्हना तुमच्यासारकं, मी येत न्हाई सांगलीला!"

गुरुजी ओशाळले. हरणाबाई तरातरा घरी निघून गेली. पण तिला झोप कसली लागतेय? हजार माणसांत आपल्या बायका चुकल्या तर लोक विचारणार, कुणी शिकवलं? मेलेल्या लेकाच्या नावाला बोल लागणार. दुसऱ्या दिवसापासून बांधावर गवत कापताना ती एकटीच ती ओळ एका दमात म्हणून बघू लागली. पण मध्यावर आलं की छाती भरून यायची आणि दम तुटायचा. आठ दिवस झाले, तरी तेच.

शेवटी ती शेजारच्या बायडाबाईजवळ रडली. "बये, त्याची चूक सुदरावी म्हनलं, तर माजा दमच फुरत न्हाई गं."

बायडाबाईनं हातातला विळा खाली ठेवला.

"चूक कसली? तुला ठावं न्हाई व्हय? तवा बी तुजा दम तितंच तुटायचा. तू घरी गेल्यावर त्यो आमास्नी म्हनला, मावश्यांनु, माज्या आयीचा दम फुरत न्हाई, तितं सगळ्या जरा थांबा. तिला कळू दिऊ नगा, न्हाईतर ती यायचीच न्हाई."

हरणाबाई आकारामची तार आली त्या दिवशीही रडली नव्हती एवढी रडली. डोळे पुसून ती एवढंच म्हणाली, "गुरुजींस्नी सांगा, समद्या एका दमात म्हनत्याल. मी बी येते."

सांगलीच्या मैदानावर हजार गळ्यांतून वंदना सुरू झाली. ती ओळ आली. मध्यावर हरणाबाईचा दम तुटला आणि ती गप्प झाली. बाकीचे थांबले नाहीत. मैदानभर गाणं पुढं चाललं होतं. तिच्या गप्प राहण्यानं त्यात काहीच कमी झालं नव्हतं. तिनं सावकाश श्वास घेतला आणि पुढच्या शब्दावर येऊन मिळाली.

तेव्हाच तिच्या ध्यानात आलं की उजव्या अंगाची बायडाबाईही तेवढा वेळ गप्पच होती, आणि बायडाबाईचा दम कधीच कमी पडत नसे.