हॉलमधल्या टीव्हीची चाचणी

मागच्या उन्हाळ्यात मी घरूनच काम करत होते. कंपनीने तळहाताएवढा एक सर्किट बोर्ड पाठवला होता. त्यातून निघणारं चित्र वेगवेगळ्या स्क्रीनवर नीट येतं का, हे तपासायचं होतं. माझ्या मॉनिटरवर ते पहिल्याच दिवशी आलं. शेजारच्या काकूंच्या नव्या टीव्हीवरही आलं. उरला आमच्या हॉलमधला जुना टीव्ही. बोर्ड आतल्या खोलीत लॅपटॉपपाशी ठेवून मी लांब केबल हॉलपर्यंत ओढली आणि बाबांना टीव्हीसमोर बसवलं.

बाबांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली, कंट्रोल रूममधल्या काट्यांवर नजर ठेवण्यात. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

"बाबा, आलं का?" सेटिंग बदललं की मी आतून ओरडायची.

"आलं वं!"

"रंगीत पट्टे हलून तर नाही राहिले?"

"नाही. मस्त दिसून राहिले."

दोन दिवस असं चाललं. सगळं ठीक, असा रिपोर्ट मी पाठवून दिला. पुढच्या आठवड्यात ऑफिसातून फोन आला, त्याच मॉडेलच्या टीव्हीवर ग्राहकाकडे चित्रच येत नाही. "माझ्या वडिलांनी स्वतः पाहिलंय," मी चढ्या आवाजात सांगितलं आणि पुन्हा चाचणी लावली.

"आलं का?"

"आलं."

पाणी प्यायला म्हणून मी बाहेर आले. पडदा नुसता निळा होता, वर 'नो सिग्नल'. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते, त्याच्याकडेच बघत.

मी रिमोटने टीव्ही बंद केला. कूलरच्या आवाजात त्यांना ते कळलं नाही.

"आणि आता?"

"आताही छान आहे."

असं विचारल्याची मला अजून लाज वाटते. मी त्यांच्या शेजारी बसले. "बाबा, टीव्ही बंद आहे."

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "किती दिवसानं तू मले काही काम सांगितलं होतं. नाही कसं म्हणू?"

"कधीपासून दिसत नाही?"

"दिवाळीपासून कमी होऊन राहिलं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू कामात होती ना."

गुडघे दुखतात असं सांगून त्यांनी संध्याकाळचं फिरणं बंद केलं होतं. पेपर घडीसकट तसाच पडून राहायचा. हे सगळं मी रोज बघत होते.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. आधी आणलं असतं तर थोडी वाचली असती. परत येताना ऑटोत बाबांनी विचारलं, "माझ्यापायी तुले बोलणी खा लागली काय?"

"नाही," मी म्हणाले. खाल्ली होती.

नंतर बोर्डातली चूक सापडली आणि एका दुपारी हॉलमधल्या टीव्हीवर पट्टे उमटले. बाबा तिथेच खुर्चीत होते. त्यांनी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.