शेरडं नेली, मला ठेवलं

कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मी एकेक शेरडू बोटीत चढवत होते. शेवटची गाभण शेळी दिली. मग मी बोटीच्या काठाला हात घातला, तर अण्णानं वल्ह्यानं माझा हात सारला.

"तू ऱ्हा इथंच. बोट जड झाली."

"परत येता ना, अण्णा?"

त्यानं वल्हं पाण्यात घातलं. बोट वळली. सोबतच्या गड्यानं विचारलं, "पोरीचं काय?"

पाण्यावरून आवाज लांबवर येतो. मला सगळं ऐकू आलं.

"पारध्याची हाय ती. काय बी खाऊन जगती. मरत न्हाई ही जात."

तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची. अण्णा केजकडचा बागाईतदार. त्याची शेरडं मी धरणाकाठच्या माळावर राखायची. त्या साली पाऊस लई झाला आणि पाणी माळाच्या चारी अंगांनी चढलं. मधी एक टेकडी उरली. टेकडीवर मी. बापाला पोलिसांनी उचललेलं. कुठं बी चोरी झाली की आमच्याच पालावर यायचे. आई त्याची भाकर घेऊन केजला गेलती. ती परत आल्यावर अण्णानं तिला सांगितलं, "पोरगी माझ्या शेतावर हाय. खुशाल हाय."

म्हणून मला कुणी शोधलं नाही.

काडेपेटी भिजलेली. ओढणीनं बारके मासे धरले, कच्चेच खाल्ले, ओकले, पुन्हा खाल्ले. पाण्यातून साप वर आले. मी बाभळीवर चढून बसले, ओरडले. घसा बसला. मग नुसतंच तोंड उघडून ओरडत राहिले.

मग एक दिवस एक म्हातारा मासेवाला थर्माकोलच्या तराफ्यावर आला. खाली उतरला, मला उचललं. "कोनी सोडलं बेटा तुला?" एवढंच विचारलं.

गावात माझा सत्कार ठेवला. पुढारी माईकवर बोलला, "अण्णांनी शोध घेतला म्हणून लेक वाचली. आन ही माणसं असत्यातच काटक!"

टाळ्या. माझी आई पण वाजवत होती.

शाल खांद्यावर पडली. मी ती काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "अण्णानं शेरडं नेली. मला ढकललं. माझ्या आईला खोटं सांगितलं."

अण्णा दात खाऊन बोलला, "उपकार इसरली का गं?"

आईनं दंड धरला. "माफी माग पोरी. आपल्याला इथंच ऱ्हायाचंय."

मी मागितली नाही.

आज बी लोक म्हणतात, लई धीराची तू. डोकं फिरतं माझं. कसला धीर? लेकरू होते मी. लेकराला बोटीत घ्यायचं असतं.

मोठी झाले आणि केजच्या ठाण्यात गेले. ज्या ठाण्यात बापाची भाकर घेऊन आई बाहेर बसायची, तिथं खुर्ची ओढून बसले आणि फिर्याद लिहून दिली. आता अण्णाची माणसं पालावर येतात. मिटव म्हणतात. जुनं झालं म्हणतात.

मिटवणार नाही. तारीख पडंल तितक्यांदा जाईन. जज्जासमोर उभी राहीन आणि अण्णाच्या तोंडाकडं बघून त्याचं बोटीतलं वाक्य, माझ्या जातीसकट, जसंच्या तसं म्हणून दाखवीन.