माहूरच्या घाटातला पाठलाग

माझ्या हातून आजवर मूर्खपणा काही कमी झाला न्हाई. पण माहूरच्या घाटात जो झाला ना, तो सांगायचा म्हणजे आधी चहा पाहिजे. ओता. हां, आता ऐका.

आमच्या थोरल्या लेकीला नर्सची नोकरी लागली. नोकरी लागली तर रेणुकामातेची ओटी भरीन, असा बायकोचा, सुमनचा नवस होता. तिनं लातूरची चार दुकानं पालथी घालून हिरवी साडी आणली, खण आणला, नारळ घेतले. मी म्हणलं, एसटीनं कशाला? आपली मोटारसायकल हाय की!

जळकोट ते माहूर, मोटारसायकलवर! शाळेतला क्लार्क मी, पन्नाशीचा, दिवसभर खुर्चीवर बसणारा. कुणी सांगितलं होतं? पण तोंडातून निघून गेलं ना. पहाटे ओटीची पिशवी कॅरिअरला बांधली, सुमनला मागं बसवलं अन् निघालो. नांदेड येईस्तोवर पाठ गेली. भोकरच्या पुढं मान गेली. किनवट सोडलं तवा कमरेखालचं काही आपलं हाय का न्हाई, तेच कळंना.

घाट लागला तवा दुपार टळली होती. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, खाली दरी, वर देवीचा डोंगर. लोक गाड्या थांबवून फोटो काढून राहिले होते. मला कुठला फोटो? मला फक्त एक बाज पाहिजे होती, आडवं व्हायला.

त्यात पुढं एक काळीपिवळी जीप. रांगत चाललेली. दोन वळणं तिचा धूर खाल्ला, तिसऱ्याला कशीबशी पुढं निघालो अन् जाता जाता ड्रायव्हरवर ओरडलो, "जीप हाय का बैलगाडी?"

थकलेल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं, बघा.

पुढं एक खड्डा लागला, दणकन! अन् जरा वेळानं मागून हॉर्न. साधा न्हाई, सारखा. आरशात बघतो तर तीच जीप, अन् आता अंगात आल्यासारखी पळून राहिली. खिडकीतून एक माणूस अर्धा बाहेर, ओरडतोय. हातात काहीतरी गोल.

"सुमन, मेलो! दगड हाय त्याच्या हातात!"

"आँ? आपल्याला कशाला मारतील?" तिनं मागं वळून पाहिलं. पण चष्मा पर्समधी, तिला काय दिसणार!

"मघाशी बोललो ना त्याला!"

"मग थांबा अन् माफी मागा."

"ह्या वयात मार खाऊ का?"

अन् पिळली मूठ. गाडी बिचारी कण्हत कण्हत चढायली. सुमन माझ्या पाठीत बुक्क्या घालायली, "थांबा! अहो, थांबा म्हणते ना!" मधीच मागं वळून जीपवाल्यांना हात करी, की बाबांनो, थांबवते यांना. तिनं हात केला की तिकडं हॉर्न वाढे. हॉर्न वाढला की मी आणखी मूठ पिळी. देवीचा घाट असा कुणी चढला असंल का?

एका वळणाआड रस्त्याच्या कडेला खडीचा मोठा ढीग दिसला. गाडी त्याच्यामागं घातली, सुमनला हाताला धरून खाली बसवलं. "गप!"

जीप धूळ उडवत वर निघून गेली.

"बघितलं? अक्कल लागते!" मी म्हणलं.

सुमन गाडीकडं बघून राहिली होती. "ओटीची पिशवी कुठं हाय?"

कॅरिअरला नुसती सुतळी लोंबत होती. गाठ मीच मारली होती.

ती खडीवरच बसली. "लेकीचा नवस होता हो," एवढंच म्हणली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. आम्ही परत खाली गेलो, प्रत्येक वळणावर उतरून शोधलं, गवतात हात घातले. न्हाईच सापडली. मग तोच घाट पुन्हा चढलो.

वर मंदिराखाली गाड्या लावतात तिथं बघतो तर जीप उभी. शेजारी हवालदार.

"हाच तो, साहेब! हीच गाडी!" मघाचा माणूस धावत आला. हातात तेच गोल. जवळून पाहिलं. नारळ! जीपमधी एक म्हातारी बसली होती, अन् तिच्या मांडीवर आमची पिशवी.

"खड्ड्यात पडली होती तुमची पिशवी," ड्रायव्हर म्हणला. "नारळ दाखवून दाखवून हाका मारल्या. घसा बसला आमचा."

मी त्याला हात जोडले. "चुकलो, भाऊ. पण एवढ्यासाठी पोलीस कशाला?"

म्हातारीच बोलली, "मग काय करावं बाबा? बाई 'थांबा थांबा' ओरडते, तुला मारते, आमाला हात करते, अन् तू थांबना. फुडं बघतो तर बाईसकट गायब! आमाला वाटलं, पळवून नेली कुणाची तरी."

हवालदारानं मला बाजूला सारलं अन् सुमनला हळूच विचारलं, "ताई, भिऊ नका. खरं सांगा. हा माणूस तुम्हाला पळवून नेतोय का?"

सुमननं आधी पिशवी घेतली. साडी काढून बघितली, घडी सारखी केली, छातीशी धरली. मग मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. धुळीनं माखलेला, कमरेत वाकलेला.

"हाव साहेब," ती म्हणली, "चोवीस वर्षं झाली पळवून राहिलेत. पण न्यायचं कुठं, ते अजून यांचं यांनाच माहीत न्हाई."

हवालदारासकट सगळे हसले. मी बी हसलो असतो हो, पण बरगड्या दुखत होत्या.